कडूचे नऊ पेले

राघोत्तम यांनी एकतीस वर्षं कडू चाखलं आणि त्यावर संसार केला. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत काढे, चूर्णं आणि आसवं करणारा एक कारखाना होता. तिथे आलेलं प्रत्येक पोतं खरंच जितकं असायला हवं तितकं कडू आहे की नाही, हे माणसाच्या जिभेनेच ठरवावं लागे, कारण कडूपणाचं यंत्र कंपनीला परवडत नव्हतं आणि राघोत्तम परवडत होते. घोट तोंडात घ्यायचा, घड्याळ लावून अर्धं मिनिट धरायचा, थुंकायचा, चूळ भरायची, मग दहा मिनिटं तोंड बंद ठेवून बसायचं आणि वहीत आकडा लिहायचा. दर घोटामागे दहा मिनिटं गप्प बसण्याच्या या नियमामुळे कारखान्यात ते मोठे विचारवंत समजले जात. युनियनने त्यांना दोनदा अध्यक्षपद देऊ केलं होतं.

लग्न ठरताना कनकाच्या वडिलांनी विचारलं होतं, जावई नेमकं काय करतात. कडू चाखतात, असं कळल्यावर ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले की सवय आधीपासून असलेली बरी.

दोघंही तंजावरकडच्या मराठी घरातली. यांच्या पूर्वजांनी मराठी मुलूख सोडला तेव्हा जी मराठी गाठोड्यात बांधून आणली तीच अजून चालू होती. मधल्या काळात तिला तमिळ हेल लागला आणि कॉफीचं वेड लागलं, एवढाच फरक.

निवृत्त झाल्यावर राघोत्तमांची जीभ कंपनीकडून कुटुंबाकडे वर्ग झाली. काकडीचं टोक, कारल्याची पहिली फोड, मेथीचं वरण, नव्या दुकानातून आणलेली कॉफीपूड हे सगळं आधी त्यांच्यापुढे येई. संवत्सर पाडव्याला कडुनिंबाची फुलं आणि गूळ सगळ्यांत आधी त्यांनी खायचा आणि वर्षाचा आकडा सांगायचा, अशी चालच पडून गेली होती. क्विनीनचा कडूपणा म्हणजे दहा. एके वर्षी त्यांनी आठ सांगितल्यावर तांबरमच्या भावाने घर बांधायचं पुढे ढकललं होतं. त्या वर्षी सिमेंट महागलं, आणि मग आकड्याला कोणी हसेनासं झालं.

दोन वर्षांपूर्वी राघोत्तमांना ताप आला. चव गेली. महिनाभरात गोड परत आलं, आंबट आलं, खारट आलं, वासही आला. कडू आलं नाही. त्यांनी वाट पाहिली. कारलं खाल्लं, ते दोडक्यासारखं लागलं. निलवेंबूचा, म्हणजे भुईनिंबाचा काढा, ज्याच्या नुसत्या नावाने चेन्नईतली पोरं पळतात, तो त्यांनी चहासारखा घोट घोट घेऊन पाहिला. गरम पाणी. तसं पाहिलं तर जगणं सुखाचं झालं होतं, पण ज्या गावात एकही चोर उरला नाही अशा गावातल्या हवालदाराला जसं वाटेल तसं त्यांना वाटू लागलं. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. कनकालाही नाही. पाडव्याला ते 'सहा' म्हणाले, पुढच्या पाडव्यालाही 'सहा' म्हणाले. आणि घरातले म्हणाले, चला, परवडलं.

अशा वेळी श्रीरंजनी त्यांच्याकडे राहायला आली.

श्रीरंजनी म्हणजे धाकट्या भावाची, शेषाद्रीची मुलगी. शेषाद्री तांबरमच्या एका शाळेत गणित शिकवत. मुलीने हॉटेलचं शिक्षण घेतलं याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाईल अशी त्यांची समजूत होती. ती बारमध्ये गेली. अण्णा नगरातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये ती काचेच्या उंच टेबलामागे उभी राहून कॉकटेल बनवते, हे कळल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. गणिताच्या माणसासारखी मुदत दिली. एक वर्ष. वर्षात तिथे नाव झालं नाही तर शाळेच्या ऑफिसात क्लार्कची जागा रिकामी होती आणि ती त्यांनी हेडमास्तरांना बोलून धरून ठेवली होती. वर्षातले अकरा महिने झाले होते.

बारच्या मॅनेजरचं नाव गिरीधर. त्याने नवं मेनूकार्ड काढायचं ठरवलं होतं आणि प्रत्येकाला एकेक पेय सुचवायला सांगितलं होतं. ज्याचं पेय लागेल त्याचं नाव कार्डावर, खाली बारीक अक्षरांत. श्रीरंजनीने ठरवलं की आपण कांपारीचं काहीतरी करायचं.

कांपारी म्हणजे काय, हे तिने काका-काकूंना जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. इटलीत केलेलं एक लालभडक कडू मद्य. कसल्या कसल्या औषधी वनस्पती, सालं, संत्र्यासारखी फळं, कृती गुपित. तिथले लोक ते जेवणाआधी घेतात, भूक लागावी म्हणून. सोडा घालून घेतात, नाहीतर त्यात तेवढीच जिन आणि तेवढंच गोड व्हर्मूथ, म्हणजे मसाल्यांत मुरवलेली वाइन, घालतात. त्याला म्हणतात नेग्रोनी. तीन बाटल्या, तिन्हीचं माप सारखं. कोणा सरदाराला सोडा मिळमिळीत लागला, त्याने सोड्याऐवजी जिन मागितली आणि हे जन्माला आलं, अशी कथा सांगतात. बारमध्ये गोड पेयं शंभर असतात, पण कडवट पेय चांगलं जमलं तरच बारमधल्या माणसाला हात आहे असं म्हणतात.

राघोत्तमांनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं. कनकाने एकच विचारलं, लाल रंग कशाचा. श्रीरंजनी प्रामाणिक मुलगी होती. पूर्वी एका किड्यापासून काढलेला रंग घालत, आता बहुतेक ठिकाणी घालत नाहीत, असं तिने सांगून टाकलं. दारू घरात येण्याबद्दल कनका काहीच बोलली नव्हती; पण 'बहुतेक ठिकाणी' या दोन शब्दांवर ती चार दिवस विचार करत होती.

बाटली घरात होतीच. राघोत्तमांचा मुलगा विश्वेश सिंगापुरात नोकरीला. पोंगलला येताना चुलत बहिणीने, श्रीरंजनीने, मागितली म्हणून त्याने विमानतळावरून आणली होती. ती औषधांच्या कपाटात एरंडेलाच्या शेजारी ठेवली होती, कारण घरातल्या सगळ्या कडू वस्तूंची जागा तीच होती.

श्रीरंजनीची कल्पना अशी होती: नेग्रोनीत संत्र्याची साल घालतात, तिथे आपण घरचं नारत्तंगाय घालायचं. मोठ्या ईडलिंबाच्या मिठात मुरवून गच्चीवर वाळवलेल्या फोडी, काळपट, खारट आणि कडू, दहीभाताशी खातात त्या. कनकाच्या हातचं नारत्तंगाय तांबरमपर्यंत प्रसिद्ध होतं. फक्त प्रश्न असा, की कांपारी कडू आणि नारत्तंगायही कडू; मग एकाचं माप किती आणि दुसऱ्याचं किती? सगळ्या चेन्नईत हा प्रश्न ज्याला विचारावा असा माणूस आपल्याच घरात आहे, याबद्दल ती देवाचे आभार मानत होती.

राघोत्तम आयुष्यात दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते. पण त्यांचं या बाबतीतलं धोरण कारखान्यातच ठरून गेलं होतं: जे थुंकलं ते प्यायलं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी तऱ्हेतऱ्हेची औषधं तोंडात धरली आणि त्यांतल्या एकाही औषधाने त्यांचा एकही रोग बरा झाला नाही, हा त्यांच्याकडे पुरावा होता. कनकाची अट एवढीच, की पेले वेगळे, जागा बाल्कनी, नंतर आंघोळ, आणि एकादशी नको.

तेव्हा एका सोमवारी सकाळी राघोत्तम बाल्कनीत उभे राहिले, श्रीरंजनीने केलेलं पेय तोंडात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत अर्धं मिनिट धरलं. नाकाला वास आला. वास त्यांना ओळखीचा होता. कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर असाच यायचा. जिभेवर मात्र संत्रं होतं, साखर होती, जरा मीठ होतं. कडूच्या जागी दार बंद होतं. ते थुंकले, चूळ भरली आणि दहा मिनिटं गप्प बसले. ती दहा मिनिटं एरवी नियमाची असत. या वेळी गरजेची होती. सांगून टाकावं, असं त्यांना सातव्या मिनिटाला वाटलं. पण समोर ती मुलगी वही उघडून, पेन धरून बसली होती, जशी कारखान्यात ज्युनिअर मुलं बसायची.

"चार," ते म्हणाले. "अजून भार घेईल."

तिने कांपारीचं माप दीडपट केलं.

बुधवारी गिरीधरने ते पेय सहा नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिलं. दोघांनी साखर मागितली. एकाने पेला कुंडीकडे सरकवला. एक वयस्क गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?" आणि यावर खरं उत्तर 'जेवणाआधी' हेच असल्यामुळे श्रीरंजनीने खाली मान घालून तेच सांगितलं. गिरीधर चांगला माणूस होता. त्याने पेला उचलून उजेडात धरला, रंग छान आहे म्हणाला, आणि पुढच्या शनिवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर त्या जागी आंब्याचं काहीतरी टाकू, म्हणाला.

श्रीरंजनीला काकांच्या जिभेचा संशय आला असता तर बरं झालं असतं. तिला स्वतःच्या हाताचा आला. काकांनी नीट सांगितलं होतं, मलाच जमलं नाही, असं ती काकूला सांगत होती, आणि दाराआड राघोत्तम पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसले होते. क्लार्कची जागा काही वाईट नसते, असंही ती म्हणाली. पाच वाजता घरी यायला मिळतं.

राघोत्तमांना त्या दुपारी झोप लागली नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की एका जिभेवर निर्णय घेणं मुळातच चुकीचं. कारखान्यातही मोठ्या निर्णयाला पंचांच्या जिभा लागत. रविवारी पंच बसवू. हे खरं होतं, आणि यात आपलं गुपितही सांगावं लागत नाही, हे त्यांना खास आवडलं.

रविवारी सकाळी दहा वाजता हॉलमधली खुर्च्या-टेबलं भिंतीला लागली. पंच पाच: राघोत्तम, कनका, श्रीरंजनी, खालच्या मजल्यावरच्या विद्यालक्ष्मी, ज्या बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुठल्याही सहीच्या कामाला येत, आणि तांबरमहून आलेले शेषाद्री. शेषाद्रींनी आधीच सांगून ठेवलं की त्यांना हा सगळा प्रकार मान्य नाही. पण आकड्यांची सरासरी कोण काढणार, असं राघोत्तमांनी विचारल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं.

पद्धत कारखान्याचीच. आधी प्रत्येकाची जीभ किती खरी ते ठरवायचं. त्यासाठी निलवेंबूचा काढा नऊ स्टीलच्या पेल्यांत, पहिल्यात जवळजवळ पाणीच, पुढे वाढत वाढत नवव्यात जहाल. पहिल्यापासून सुरू करायचं आणि ज्या पेल्याला पहिल्यांदा कडू लागेल तिथे बोट वर करायचं. जितका आकडा लहान तितकी जीभ तिखट. ज्याला बोट लवकर वर करता येतं त्याच्या मताला वजन जास्त. पेले भरून द्यायचं काम कनकाकडे होतं. प्रत्येकासमोर एक रिकामं पातेलं, थुंकायला.

श्रीरंजनीने चौथ्या पेल्याला बोट वर केलं. विद्यालक्ष्मींनीही चौथ्याला केलं, पण तिसऱ्यालाही शंका आली होती असं नोंदवून घ्या म्हणाल्या. शेषाद्रींनी पाचव्याला केलं आणि पाच हा मधला आकडा आहे याचं समाधान मानलं. मग राघोत्तम. त्यांनी एकेक पेला घेतला, घड्याळ पाहिलं, थुंकलं. आयुष्यभर त्यांचा आकडा तीन होता; कारखान्याच्या कागदपत्रांत त्याहून लहान आकडा कोणाच्याही नावापुढे नव्हता. तिसऱ्या पेल्याला त्यांनी बोट वर केलं. कनकाने कागदावर तीन लिहिलं.

शेवटी कनका बसली. तिचे पेले श्रीरंजनीने भरले. दुसऱ्या पेल्याला कनकाने बोट वर केलं.

शेषाद्री म्हणाले, वहिनींना पद्धत नीट कळली नसेल. पुन्हा केलं, पेले नव्याने भरून, डोळे मिटायला लावून. पुन्हा दुसराच. वर ती म्हणाली की एका पेल्याला भांड्यांच्या साबणाची चव आहे, आणि विद्यालक्ष्मी, ज्यांनी ते पेले विसळले होते, खिडकीबाहेर पाहू लागल्या.

राघोत्तमांच्या डोळ्यांपुढे एकतीस वर्षांच्या वह्या आल्या. तिथे कोणाचा दोन कधी आला नव्हता. आणि तो दोन रोज सकाळी त्यांना कॉफी देत होता. आजची कॉफी जरा कडू आहे, असं कनका म्हणायची आणि ते वही मिटल्यासारखं म्हणायचे, नाही, बरोबर आहे, तुला कळत नाही.

पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीआधी जेवण होतं. राघोत्तम स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. कनका पेले विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तुमच्या पेल्यांत निलवेंबू नव्हतें," ती म्हणाली.

"मग काय होतें?"

"पाणी."

"नऊही?"

"आधीं पाच भरले. मग म्हटलें, अर्धें कशास."

राघोत्तमांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांनी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे.

कनकाने सांगितलं ते असं. लग्न झाल्यापासून ते तिच्या कॉफीला रोज काही ना काही म्हणत आले. तापातून उठल्यावर म्हणायचे थांबले. पहिला महिना तिला वाटलं, अजून अशक्तपणा आहे. दुसऱ्या महिन्यात वाटलं, माणूस सुधारला. मग एक दिवस तिच्या हातून कॉफीचं डिकॉक्शन करपलं, फेकून द्यायच्या लायकीचं, आणि त्यांनी आणखी अर्धा डवरा कॉफी मागून घेतली. त्याच दिवशी ती डॉक्टरांकडे जाऊन विचारून आली. परत येईल, नाही येईल, असं डॉक्टर म्हणाले.

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली," कनका म्हणाली. "काढा मात्र फुकट कशास प्यायचा. कडू असतो तो." मग ती म्हणाली, "पाडव्यास सहा सांगतां तें मात्र बरें करतां. सहांत सगळें बसतें."

जेवताना राघोत्तम काही बोलले नाहीत. ते दहा मिनिटांच्या नियमात आहेत असं इतरांना वाटलं.

दुसऱ्या फेरीत पेयाचे चार प्रकार होते. कांपारी दीडपट, कांपारी सारख्या मापाची, कांपारी अर्धी, आणि नारत्तंगायशिवायचं साधं नेग्रोनी. प्रत्येकाने सांगायचं की हे नऊ पेल्यांतल्या कोणत्या पेल्याइतकं कडू आहे. शेषाद्रींनी कोष्टक आखून घेतलं होतं. पाच नावं, चार रकाने, शेवटी सरासरी. कोणाच्या जिभेला किती वजन तेही त्यांनी काढून ठेवलं होतं, आणि कनकाच्या खालोखाल सगळ्यांत जास्त वजन राघोत्तमांचं होतं. सरासरी खोटं बोलत नाही, असं ते मुलीला समजावून सांगत होते.

राघोत्तमांनी ते कोष्टक पाहिलं. त्यातला तीन त्यांना दिसला. हा तीन आता चारही रकान्यांत शिरणार, सरासरीत बसणार, सरासरीतून पेल्यात जाणार, आणि शनिवारी कोणीतरी पुन्हा विचारणार, जेवणाआधी की नंतर. त्यांनी शेषाद्रींच्या हातातून पेन घेतलं. कारखान्यात चुकीची नोंद खोडायची एक रीत होती: खरवडायचं नाही, वर गिरवायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी सही, तारीख, कारण. त्यांनी स्वतःच्या नावावर एक आडवी रेघ मारली. सही केली. तारीख घातली. कारणाच्या जागी लिहिलं, 'जीभ नाही'.

मग ते श्रीरंजनीकडे वळले. "मला कडू लागत नाहीं. दोन वर्षें झालीं. त्या दिवशीं चार म्हटलें तें अंदाजें म्हटलें. तुझा हात चुकला नाहीं."

विद्यालक्ष्मींनी जीभ चावली, मग ती आज पंचांची आहे हे आठवून सोडली.

"मग काका," श्रीरंजनीने विचारलं, "त्या दिवशी तुम्हांला लागलं तरी काय?"

"संत्रें. थोडी साखर, थोडें मीठ," राघोत्तम म्हणाले. "छान होतें. गिळावेंसें वाटलें."

तिचा चेहरा आधी रडण्याकडे गेला आणि वाटेतून परत आला. जे पेय बुधवारी सहा माणसांना औषध वाटलं होतं, त्यातलं कडू काढून घेतलं तर मागे काय उरतं हे सांगू शकणारा चेन्नईतला एकमेव माणूस तिच्यासमोर उभा होता. आणि तो म्हणत होता, छान होतं.

"पाचाचे चार झाले," शेषाद्री म्हणाले. "म्हणजे मला सगळें पुन्हा करावें लागणार." भाऊ दोन वर्षं खोटं बोलला यापेक्षा कोष्टक बिघडलं याचा त्यांना जास्त त्रास झालेला दिसत होता. पण नवा कागद घेताना त्यांनी राघोत्तमांना शेजारची खुर्ची ओढून दिली आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. वेळ तरी धर, म्हणाले.

दुसरी फेरी झाली. तिघांनी आकडे सांगितले. कनकाने आकडा सांगितलाच नाही. तिने साधं नेग्रोनी तोंडात धरलं, थुंकलं. मग नारत्तंगाय घातलेलं धरलं, थुंकलं. आणि बोटांनी नारत्तंगायची फोड काढून तिचा वास घेतला.

"बाटलीचें कडू पाहुण्यासारखें आहे," ती म्हणाली. "येतें, बसतें, उठून जातें. माझ्या नारत्तंगायचें कडू बसलें कीं उठतच नाहीं. हें यंदाचें आहे. कोवळें."

मग तिने शेषाद्रींना माळ्यावर चढवलं. तिथे एका जुन्या चिनी मातीच्या बरणीत तीन वर्षांपूर्वीचं नारत्तंगाय होतं, कोळशासारखं काळं. जुनं झालं की त्यातलं कडू मिठात बसून जातं आणि वास तेवढा राहतो, हे तिच्या आईच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. तिला फक्त कोणी विचारलं नव्हतं. घरात जिभेचं खातं दुसऱ्याकडे होतं. श्रीरंजनीने तिन्ही बाटल्यांचं माप पुन्हा सारखं केलं, सरदाराने ठेवलं होतं तसं, आणि जुन्या नारत्तंगायची नखाएवढी फोड घातली. चौघांनी तोंडात धरलं. अर्धं मिनिट झाल्याचं राघोत्तमांनी सांगितलं. कनकाने पातेलं जवळ ओढलं आणि, हे फक्त राघोत्तमांनी पाहिलं, थुंकायच्या आधी क्षणभर थांबली.

शनिवारी दुपारी चार वाजता, बार उघडण्यापूर्वी, गिरीधरने ते पेय घेतलं. एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. श्रीरंजनीने घरी येऊन एवढंच सांगितलं की पुन्हा उचलला, आणि त्यावर शेषाद्रींनी फोनवर विचारलं, किती वेळा. चार, ती म्हणाली. सोमवारी शाळेच्या ऑफिसातली क्लार्कची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

पेयाला गिरीधर 'तंजावर सनसेट' म्हणणार होता. श्रीरंजनीने 'कनका टू' लिहून दिलं. आपलं नाव दारूच्या कार्डावर जाणं कनकाला पसंत पडलं नव्हतं. पण आपल्या माणसांपैकी तिथे कोण जातंय, अशी समजूत घातल्यावर ती तयार झाली. पहिल्याच आठवड्यात विद्यालक्ष्मी बँकेच्या तीन मैत्रिणींना घेऊन तिथे गेल्या, कार्डाचा फोटो काढला आणि सगळ्या बिल्डिंगला पाठवला. त्या तिथे फक्त लिंबूसरबत प्यायल्या, असं त्यांनी फोटोखाली लिहिलं होतं. कोणी विचारलं नव्हतं.

पाडव्याचा आकडा यापुढे कनकाने सांगायचा, असं राघोत्तमांनीच घरात जाहीर केलं. कनका म्हणाली, ती खरा सांगेल. तेव्हा घर बांधायचं असेल त्यांनी आधीच बांधून घ्यावं.

रोज सकाळी ती त्यांच्यापुढे कॉफीचा डवरा ठेवते. आधी स्वतःच्या डवऱ्यातला एक घोट घेते, गिळते, आणि सांगते, "आज पांच. जरा जास्त झाली."

राघोत्तम एक घोट घेतात, अर्धं मिनिट तोंडात धरतात आणि म्हणतात, "बरोबर आहे."